व्हॉल्व मागवण्याआधी: ईजीआर कोडच्या तपासाच्या नोंदी

ठिकाण कळंबोली. गाड्या म्हणजे न्हावा शेवा ते चाकण फेऱ्या करणारे कंटेनर ट्रेलरचे घोडे (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि खडी वाहणारे काही टिपर. सगळी इंजिनं सहा सिलिंडरची, कॉमन रेल, बीएस-६, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या नियमांची. वायरिंग २४ व्होल्टची. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा. तिचा व्हॉल्व एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला, गरम गॅसमध्ये. त्याच्यापुढे कुलंटवर चालणारा ईजीआर कूलर, मग व्हेंच्युरी (मध्ये अरुंद केलेली नळी) आणि तिच्या दोन जागांमधला दाबाचा फरक मोजणारा डेल्टा-पी सेन्सर, मग इनटेक. टर्बो पाती हलणारा, व्हीजीटी. ज्या गाड्यांत हवा मास एअर फ्लो सेन्सरने मोजतात तिथे खालचे काही आकडे दुसऱ्या नावाने दिसतील, पण तपासाची दिशा तीच राहील.

या कामापुरता नियम एकच ठेवला आहे. ईजीआरचा कोड दिसला म्हणून व्हॉल्व मागवायचा नाही. व्हॉल्वच बिघडलाय हे आधी दाखवून द्यायचं.

३ जून २०२४, सोमवार. घोडा-१ आला

तक्रार: चेक लाइट लागलेला, घाटात गाडी ओढत नाही, काळा धूर, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) सारखं रीजन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, मागतो. कागदांवरून दिसतं की मार्चमध्ये ईजीआर व्हॉल्व बदलला, मेमध्ये पुन्हा बदलला. दोन्ही कामं बाहेरची. दुसऱ्यांदा बदलल्यावर साधारण ९०० किमीवर कोड परत आला. काढलेले दोन्ही व्हॉल्व चालकाने केबिनमागच्या पेटीत जपून ठेवलेत. फार चांगलं केलं, त्यांची गरज लागणार आहे.

चालू कोड: एसपीएन २६५९, एफएमआय १८. ईजीआरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी.
जुना, सध्या बंद कोड: एसपीएन २७९१, एफएमआय ५. व्हॉल्वच्या कंट्रोल सर्किटमध्ये करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. हा मार्चमधला.

नव्या पोरांसाठी इथेच लिहून ठेवतो. एसपीएन सांगतो बिघाड कशाच्या बाबतीत आहे, एफएमआय सांगतो कशा प्रकारचा आहे. २७ म्हणजे व्हॉल्वची पोझिशन, २७९१ म्हणजे त्याचा कंट्रोल, ४११ म्हणजे डेल्टा-पी, ४१२ म्हणजे ईजीआर गॅसचं तापमान, २६५९ म्हणजे प्रवाह. एफएमआय ३, ४, ५, ६ यांपैकी काही आलं तर गोष्ट विजेची आहे, पाना खाली ठेवायचा आणि मल्टिमीटर घ्यायचा. ७ आला तर हुकूम पोचतोय पण यंत्र हलत नाही. १८ आला तर आकडा विश्वासार्ह धरूनच तो कमी आहे असं ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणतं. तो आकडा खरंच विश्वासार्ह आहे का, हे ईसीएमला कळायला मार्ग नसतो. ते आपण बघायचं.

फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणाचे साठवलेले आकडे: १,३८० आरपीएम, लोड ५२ टक्के, कुलंट ८७ अंश, व्हॉल्वला हुकूम ६७ टक्के, प्रत्यक्ष ६६ टक्के, डेल्टा-पी ३.१ किलोपास्कल. स्क्रीनचा फोटो काढून मगच पुढे. कोड पुसलेला नाही, कारण पुसला की हे चित्रही जातं आणि मग घाट पुन्हा चढून ते मिळवावं लागतं.

हुकूम ६७ आणि प्रत्यक्ष ६६. म्हणजे व्हॉल्व सांगितल्याबरोबर हलतोय. तिसऱ्यांदा व्हॉल्व मागवायचं कारण इथेच संपलं.

इंटरकूलरची (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) दाब तपासणी केली. दोन्ही टोकं बंद करून ३० पीएसआय हवा भरली, पुरवठा बंद केला, १५ सेकंदांत २ पीएसआय उतरला. आम्ही ५ पर्यंत चालवून घेतो, त्यामुळे ठीक. या तपासणीत टोकाच्या बुचांना साखळी किंवा पट्टा बांधल्याशिवाय हवा सोडायची नाही. ३० पीएसआयवर निसटलेलं बूच माणसाचं डोकं फोडू शकतं.

४ जून. घाटातली तुलना

एकट्या गाडीचे आकडे बघून काही कळत नाही. म्हणून त्याच मॉडेलचा, तक्रार नसलेला घोडा-२ सोबत घेतला. दोन्हींवर जवळपास सारख्या वजनाचे कंटेनर, दोन्ही खोपोलीहून वर, लॅपटॉप लावून. दोन्ही इंजिनं १,४०० आरपीएम आणि ५० टक्के लोडच्या आसपास स्थिर असतानाचे आकडे:

घोडा-२, चांगला: व्हॉल्व ३१ टक्के, डेल्टा-पी ६.८ किलोपास्कल, कूलरनंतर गॅस ११८ अंश, इनटेक मॅनिफोल्ड ५८ अंश, इंजिनमधून बाहेर पडणारा नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) ४२० पीपीएम.

घोडा-१: व्हॉल्व ६७ टक्के, डेल्टा-पी ३.० किलोपास्कल, कूलरनंतर गॅस १३९ अंश, इनटेक मॅनिफोल्ड ७१ अंश, नॉक्स २३० पीपीएम.

हे आकडे दोनदा वाचले. कोडचं म्हणणं, ईजीआर कमी जातोय. ईजीआर खरंच कमी असता तर सिलिंडरमधली ज्योत जास्त तापली असती, नॉक्स वाढला असता, काजळी कमी झाली असती आणि एक्झॉस्टमधला नॉक्स मारायला लागणारा युरिया जास्त लागला असता. इथे प्रत्येक गोष्ट उलटी आहे. नॉक्स जवळजवळ निम्मा. काजळी इतकी की डीपीएफ दम धरत नाही. इनटेक गरम, कारण गरम गॅस जास्त येतोय. कूलरमधून निघणारा गॅसही गरम, कारण कूलरच्या आवाक्याबाहेरचा गॅस त्यातून चाललाय. चालकाला विचारलं, तर म्हणाला, हल्ली युरिया कमी लागतो.

म्हणजे गॅस कमी नाही, भरपूर जास्त जातोय. फक्त मोजणारा कमी सांगतोय. ईसीएम त्याच्यावर विश्वास ठेवून व्हॉल्व आणखी उघडतं, त्याने काजळी वाढते, वाढलेली काजळी व्हॉल्ववर आणि कूलरमध्ये बसते, आणि मग जो कोणी व्हॉल्व काढून बघेल त्याला तो काळाकुट्ट दिसतो आणि वाटतं, सापडला चोर. मे महिन्यात हेच झालं असणार.

५ जून. उभ्या गाडीवर

आधी दाब तयार करणाऱ्याची तपासणी. गॅस एक्झॉस्टकडून इनटेककडे आपोआप जात नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टपेक्षा, म्हणजे टर्बोने इनटेकमध्ये भरलेल्या हवेच्या दाबापेक्षा, जास्त असेल तरच जातो, आणि तो दाब व्हीजीटीच्या पाती मिटून तयार होतो. पाती कार्बनने अडकल्या तर व्हॉल्व नवाकोरा असूनही प्रवाह खरोखर कमी पडतो. स्कॅनरवरून पाती पूर्ण उघडून मिटून पाहिल्या, दोन्ही टोकं गाठतात, मध्ये अडखळत नाहीत. टर्बो बाजूला ठेवला.

मग स्टेप टेस्ट. इंजिन गरम, आयडलिंगला, व्हॉल्व स्कॅनरवरून ० वरून एकदम ४० टक्क्यांवर. इंजिनाचा आवाज लगेच जड झाला, म्हणजे गॅस पोचला. घोडा-२ वर याच चाचणीत डेल्टा-पी सेकंदाच्या आत चढून स्थिर होतो. घोडा-१ वर रेषा सरपटत वर गेली, चार सेकंद लागले, पण शेवटी जवळजवळ बरोबर आकड्यावर येऊन थांबली.

या चार सेकंदांवर आमची बरीच चर्चा झाली, ती थोडी सविस्तर लिहितो. सेन्सरकडे जाणारी नळी अर्धवट तुंबली तर आकडा उशिरा येतो, पण येतो बरोबर, कारण नळीतून काही वाहायचंच नसतं, फक्त दाब पोचायचा असतो. मग घाटात आकडा स्थिर झाल्यावरही निम्म्याहून कमी का? त्यासाठी तुंबण्याच्या जोडीला गळती लागते. तुंबलेल्या जागेपुढे, सेन्सरच्या अंगाला, बारीकसं छिद्र असेल तर आत येणारा दाब तिथून निसटतो आणि अडथळ्यामुळे मागून भरपाई होत नाही. आयडलिंगला इनटेकमध्ये बूस्ट जवळपास नसतो, छिद्रातून निसटायला काही नसतं, म्हणून आकडा ठीक दिसतो. घाटात बूस्ट चढला की छिद्र काम करायला लागतं. म्हणूनच हा कोड आवारात कधी येत नाही आणि घाटात हटकून येतो.

अंदाज कागदावर लिहून ठेवला: उच्च दाबाच्या बाजूची नळी, सेन्सरजवळ गळती. उद्या उघडायची.

६ जून. डेल्टा-पीच्या नळ्या

इग्निशन ऑन, इंजिन बंद: डेल्टा-पी ०.१ किलोपास्कल. शून्य ठीक. सेन्सरला पुरवठा ५.०२ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५ मध्ये हवा. दोन्ही नळ्या सेन्सरपासून सोडवल्या, उच्च दाबाच्या तोंडाला हातपंपाने १० किलोपास्कल दिले, स्कॅनरवर ९.९. सेन्सर निर्दोष. हा सेन्सर जोडलेला असताना नळ्यांत कधीही कंप्रेसरची हवा मारायची नाही. आतला पडदा फाटतो आणि एका तपासात दुसरा बिघाड आपणच घालतो.

आता नळी. व्हेंच्युरीकडचं टोक सोडून हातपंप लावला, सेन्सरकडचं टोक बुचाने बंद. दाब भरला की काटा उतरतो. साबणाचं पाणी ब्रशने लावलं. लोखंडी नळी जिथे रबरी होजमध्ये शिरते तिथे, क्लिपच्या अगदी कडेला, मोहरीएवढे बुडबुडे. होज वाकवून बघितल्यावर चीर दिसली, केसाएवढी, बाहेरून काजळीने झाकलेली.

मग लोखंडी नळी काढून उभी धरली. साधारण मध्यावर ती खाली झोळ पडल्यासारखी वाकलेली, आणि झोळाच्या तळाशी आत काळा ओला गाळ, चहाच्या चोथ्यासारखा दाणेदार. पलीकडून टॉर्च मारला तर उजेड सुईच्या टोकाएवढा. तार घालून खरवडलं तेव्हा तो गाळ वडीसारखा तुकड्यातुकड्यांनी निघाला, तळाचा थर मात्र दगडासारखा. ही नळी साफ करून परत वापरायची नाही, बदलायची.

झोळ का पडला? या नळीला मध्यावर एक पट्टी असते, ईजीआर पाइपच्या टेकूवर एका एम ६ बोल्टने बसणारी, १० नंबरच्या पान्याने निघणारी. व्हॉल्व काढायचा तर ही पट्टी सोडावीच लागते. टेकूवर बोल्टचं भोक रिकामं होतं आणि आतल्या आट्यांवर गंज चढलेला. मार्चमध्ये व्हॉल्व बदलताना पट्टी सोडली गेली आणि परत आवळली गेली नाही. टेकू नाही म्हणून नळी थरथरत राहिली आणि होज क्लिपच्या कडेला चिरला. टेकू नाही म्हणून ती खाली वाकली, आणि व्हेंच्युरीकडे सतत उतार हवा तिथे मध्ये खड्डा तयार झाला. एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ असतेच. गाडी बंदराच्या रांगेत तासन्‌तास आयडलिंगला उभी राहते तेव्हा नळी थंड, वाफेचं पाणी खड्ड्यात, त्यावर काजळी.

गळती आणि तुंबणं, दोन्हींचं मूळ तो एक बोल्ट.

नवीन नळी, नवीन होज, नव्या क्लिपा, टेकूच्या आट्या टॅपने साफ करून बोल्ट. नळीवर स्पिरिट लेव्हल धरून उतार तपासला. कमी दाबाच्या बाजूची नळीही काढून पाहिली, ती मोकळी होती.

७ जून. मार्चचा कोड आणि दोन जुने व्हॉल्व

मेचा व्हॉल्व का बदलला ते कळलं. मार्चचा का बदलला? तेव्हाचा कोड एफएमआय ५, सर्किट तुटलेलं. तुटलेलं व्हॉल्वच्या आत की बाहेर?

मार्चमध्ये काढलेला, म्हणजे कंपनीतून आलेला पहिला व्हॉल्व बेंचवर घेतला. मोटरच्या वाईंडिंगचा रोध मेमधल्या व्हॉल्वशी आणि स्टोअरमधल्या नव्याशी जुळतो. मोटरला सरळ २४ व्होल्ट लावत नाही, झटक्याने गिअरचे दात जातात. करंट मर्यादित ठेवता येणाऱ्या पॉवर सप्लायने ६ व्होल्टपासून सुरुवात, क्षणभरच. शाफ्ट उघडतो, स्प्रिंगने परत येतो. सेन्सरला बाहेरून ५ व्होल्ट देऊन सिग्नल पाहिला: बंद ०.९, पूर्ण उघडा ४.१, मध्ये कुठेही उडी नाही. व्हॉल्व ठीक. मेचाही ठीक, फक्त काळा.

मग गाडीचा कनेक्टर. इथे मल्टिमीटरचं टोक पिनेत खुपसायचं नाही. मादी पिन त्याने रुंदावते आणि बिघाड कायमचा होतो. योग्य मापाची सुटी नर पिन घेऊन एकेका घरात घालून ओढायची, बोटाला पकड जाणवली पाहिजे. पाच घरांत जाणवली. मोटरच्या धन बाजूच्या घरात पिन नुसती सरकत होती, आणि त्या पिनेवर बारीक काळे ठिपके होते, कंपनाने पृष्ठभाग घासून होणारे.

हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) तारही लोडवर तपासली. ओममीटरला एकच धागा शिल्लक असलेली तारही धडधाकट वाटते. म्हणून दोन्ही टोकं सुटी केली. ईसीएम जोडलेलं असताना हे कधीही करायचं नाही. एका टोकाला फ्यूजमधून बॅटरी, दुसऱ्याला २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. जवळपास एक अँपिअर जातो. तारेवर ०.०८ व्होल्ट पडले. आमची मर्यादा ०.२. तार चांगली आहे, दोष पिनेत आहे. पिन बदलली, हार्नेसला कनेक्टरपासून १० सेंटिमीटरवर क्लिप लावली म्हणजे वजन पिनांवर येणार नाही.

मार्चमध्ये जुना व्हॉल्व काढून नवा लावताना कनेक्टर निघाला आणि परत बसला, तेवढ्याने पिनेचा संपर्क काही काळ जुळला आणि कोड गेला. व्हॉल्व बदलून दुरुस्ती झाली असं वाटलं. त्याच कामात नळीची पट्टी राहिली आणि पुढचा बिघाड सुरू झाला. दोन्ही व्हॉल्व निर्दोष असताना पैसे दोन व्हॉल्वचे गेले.

आत्ता गाडीवर असलेला तिसरा व्हॉल्व काढून साफ केला, नव्या गॅस्केटवर बसवला. स्कॅनरवरून बंद स्थिती शिकवली. डीपीएफचं उभं रीजन दिलं. रीजनमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस साडेपाचशे अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे मागे वाळलेलं गवत, ताडपत्री, दुसऱ्या गाडीचं टायर काही नको.

११ जून. टिपर-३

कोड एसपीएन २७९१, एफएमआय ७. हुकूम ०, प्रत्यक्ष १८ टक्के. हा व्हॉल्व खरोखर अडकलाय. पण का, हे बघितल्याशिवाय नवा लावायचा नाही.

आठवड्यात दोन लिटर कुलंट घालावं लागतंय, खाली कुठे थेंब नाही. हे ऐकल्यावर स्टार्टर मारायचा नाही असं ठरवलं. कूलर फुटून कुलंट इनटेकमार्गे सिलिंडरमध्ये साठला असेल तर पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इनटेकचा पाइप काढून आत टॉर्च, मग बारिंग टूलने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे. मोकळं फिरलं.

व्हॉल्व काढला. घोडा-१ च्या व्हॉल्ववर कोरडी काजळी होती, बोटाने पुसली जाणारी. इथे डांबरासारखा चिकट थर आणि शाफ्टच्या बुशाशी पांढरट हिरवे खडे. सुकलेलं कुलंट. असे खडे दिसले की व्हॉल्व बाजूला ठेवून कूलरकडे जायचं.

कूलर काढून कुलंटची एक वाट बंद केली, दुसरीतून मॅन्युअलमधल्या दाबाने हवा, आणि पाण्याच्या टाकीत बुडवला. दहा मिनिटं एकही बुडबुडा नाही. बरेच जण इथे थांबतात आणि कूलर पास करतात. टाकीतलं पाणी ८० अंशांवर नेलं. चौथ्या मिनिटाला गॅस शिरतो त्या टोकाकडून बुडबुड्यांची माळ सुरू झाली. धातू तापून पसरला की चीर उघडते, थंडीत मिटते. गॅस सहाशे अंशांच्या आसपास असताना शिरतो ते हेच टोक, फुटतं तेही बहुतेक इथेच.

कूलरच्या कुलंट बाजूला आत खरवडलं तर पांढरा क्षार, नखाने निघणारा. खाणीवर टॉपअप बोअरच्या पाण्याने होतो. क्षाराचा थर उष्णता अडवतो, नळीची भिंत त्या जागी जास्त तापते, ताण येऊन चिरते. नवीन कूलर, सिस्टीम धुऊन कुलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं निम्मं, हवा काढायच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. शाफ्टला खड्डे पडलेत म्हणून व्हॉल्वही नवा. इंजिन ऑइलचा नमुना घेतला, पाणी नाही. डीपीएफचं तोंड उघडून पाहिलं, पांढरा थर नाही.

खाणीच्या टँकरवर एक २० लिटरचा कॅन कायम ठेवायला दिला, तयार मिश्रणाचा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं आजपासून बंद, हे चालकांसमोर बोलून घेतलं.

१४ जून. घोडा-४, आणि तोच कोड

एसपीएन २६५९, एफएमआय १८. घोडा-१ ला होता तोच. पण आकडे बघा: हुकूम ९५, प्रत्यक्ष ९५, डेल्टा-पी ०.१, कूलरनंतरचं तापमान कुलंटच्या आसपास चिकटून बसलेलं, नॉक्स चांगल्या गाडीच्या दीडपट, युरिया जास्त. इथे प्रवाह खरोखर नाही.

व्हॉल्व आणि पाइपच्या फ्लँजमध्ये २ मिमीची भोक नसलेली पत्र्याची प्लेट निघाली. रस्त्यावर कोणीतरी ‘ॲव्हरेज वाढतं’ म्हणून घातलेली. प्लेट काढली, दुसरं काही करावं लागलं नाही. बीएस-६ गाडीत असली प्लेट टिकत नाही. ईसीएम नॉक्स आणि प्रवाह दोन्ही बघतं, इशारा देतं आणि शेवटी इंजिनाची ताकद कापतं. आणि ती टिकली असती तरी घालायची नव्हती. टोलनाक्याच्या रांगेत, काच खाली करून बसलेल्या माणसाच्या नाकात तो नॉक्स जातो.

एकच कोड, एका गाडीत ईजीआर दुप्पट, दुसरीत शून्य. नॉक्स आणि कूलरनंतरचं तापमान या दोन आकड्यांनी पाच मिनिटांत फरक कळला. नॉक्स सेन्सर पुरेसा गरम झाल्याशिवाय आकडा देत नाही, त्यामुळे गाडी थंड असताना हे करू नये.

२० जून. सफाईबद्दल

जी चूक वारंवार दिसते तेवढीच लिहितो. व्हॉल्व कधीही पूर्ण बुडवून ठेवायचा नाही, मोटर आणि सेन्सर त्याच अंगात आहेत. मोटरची बाजू वर, गॅसची बाजू खाली धरून कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश सीटवर चालवला की ओरखडे पडतात, मग बंद व्हॉल्वही गळतो. शाफ्ट अडकला तर स्क्रू ड्रायव्हरने रेटायचा नाही, प्लॅस्टिकच्या गिअरचे दात तुटतात. भिजवून ठेवायचं, पुन्हा घासायचं. तरीही नाही सुटला तर तो गेला. गॅस्केट दरवेळी नवं. बोल्ट तिरके तिरके, टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याला.

बसवून झाल्यावर, गाडी सोडण्याआधी, सोडवलेली प्रत्येक पट्टी आणि क्लिप हात लावून मोजायची. घोडा-१ नंतर ही ओळ जॉब कार्डावर छापून घेतली आहे, सहीच्या रकान्यासकट.

२८ जून. सीएएन ॲक्च्युएटरची गाडी

टिपर-६ मध्ये स्मार्ट ॲक्च्युएटर आहे, पोझिशन ५ व्होल्टच्या सिग्नलवर येत नाही, सीएएनवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर जोडणाऱ्या दोन तारांच्या (हाय आणि लो) संदेशवाहिनीवर, येते. एसपीएन २७९१, एफएमआय ९: संदेश वेळेवर येत नाही. बॅटरी काढून सीएएन हाय आणि लो मधला रोध १२० ओम आला. हवेत ६०, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर समांतर असतात. म्हणजे एक टोक तुटलं. चेसिसवर मागच्या क्रॉस मेंबरला घासून तार कापली गेली होती. जोडून, सोल्डर करून, स्लीव्ह घालून ६० आले. व्हॉल्वला हात लावावा लागला नाही.

१२ जुलै. घोडा-१ ची फेरतपासणी

दुरुस्तीनंतर ४,१०० किमी, त्यात बंदराच्या रांगा नेहमीसारख्याच. पुन्हा खोपोलीहून वर, त्याच लोडला: व्हॉल्व ३३ टक्के, डेल्टा-पी ६.५ किलोपास्कल, कूलरनंतर १२१ अंश, इनटेक ५९ अंश, नॉक्स ४१०. स्टेप टेस्टला डेल्टा-पी सेकंदाच्या आत. कोड नाही. चालक म्हणतो युरिया पुन्हा पूर्वीइतका लागतो, आणि ही तक्रार म्हणून सांगत होता. त्याला बसवून, लॅपटॉपवर दोन्ही वेळचे आलेख शेजारी शेजारी लावून दाखवलं की युरिया कमी लागत होता तो बिघाडामुळे.

डेल्टा-पीची नळी खोलून पाहिली. आत कोरडी, राखाडी, टॉर्चचा उजेड आरपार.

मार्च आणि मेचे दोन्ही व्हॉल्व साफ करून, बेंचचे आकडे लेबलवर लिहून स्टोअरमध्ये ठेवले. उरलेल्या सात घोड्यांपैकी पाचांच्या नळीची पट्टी तपासून झाली. त्यांतल्या एकावर बोल्ट होता पण बोटाने फिरत होता. बाकीचे दोन चाकणहून परत आले की बघायचे.